सुटे भाग

"मामा, जोडून देऊ का सुटंच नेता?" गोपालनं विचारलं आणि माझ्या तोंडाला कोरड पडली. प्रश्न काय, साधा. मी मंडईत बसतो तेव्हा गिऱ्हाइकाला "पिशवीत देऊ का कागदात बांधू" म्हणून विचारतो, तितका साधा. गोपाल म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचा, मैनाबाईचा मुलगा. अकोल्यात त्याचं कॉम्प्युटरचं दुकान आहे, एका बोळात, जिना चढून वर. दिवसभर हेच वाक्य त्याच्या तोंडी असणार. त्यानं मान वर करूनही पाहिलं नाही. काउंटरवर एकेक खोकं मांडत होता, हा मदरबोर्ड, हा प्रोसेसर, ही रॅम, आणि मी स्टुलावर बसून, मांडीवर रिकामी थैली धरून, सगळं समजल्यासारखी मान हलवत होतो. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी माळी माणूस. अमरावतीच्या बाहेर, बडनेऱ्याच्या अंगाला आमचं वावर आहे. शेवंती, झेंडू, थोडा गुलाब, कडेकडेनं सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि पालक. फुलं तोडायची, हार ओवायचे, उजाडायच्या आत बाजारात न्यायचे, यातच जन्म गेला. "सांगा ना मामा," गोपाल म्हणाला. "नितेशदादा तं फोनवर म्हणे, मीच जोडतो. पण कायले उगाच त्रास? मी देतो ना करून. बसल्या बसल्या होते." मी म्हटलं, "थांब जरा. पह्यले पाणी दे."

पाणी प्यालो. तहान गेली नाही. नितेश माझा एकुलता एक. पुण्यात एका कंपनीत लागला होता. काम काय, ते मला कधी नीट सांगता आलं नाही. लोक विचारायचे तेव्हा "कॉम्प्युटरवर आहे" म्हणून मोकळा व्हायचो. उन्हाळ्यात तो न कळवता परत आला. ललिता, त्याची आई, ओसरीवर हार ओवत बसली होती. ती सुई हातात तशीच धरून उठली आणि म्हणाली, "माय वो, फोन तं कराचा." त्यानं पाय धुतले, आत गेला, झोपला. ती झोप मग संपलीच नाही म्हणा ना. उठायचा, जेवायचा, पुन्हा खोलीत. मी विचारलं, नोकरी गेली का, सोडली का, कोणी काही बोललं का, पोरीबिरीचं काही आहे का? "नाही बाबा. काही नाही." काही नाही असं कुठं असतं का, लेकाचं! काही नाही म्हणून धडधाकट जवान पोरगा दाढी वाढवून भिंतीकडे पाहत बसतो का? मी चिडायचो. मला चिडताच येतं, दुसरं काय येतं. ललिता म्हणायची, "त्याच्यावर नोका चिडू, त्याले ऐकू बी येत नाही." आणि ते खरं होतं. तुम्ही बोलत असताना तो तुमच्याकडे पाहायचा, मान हलवायचा, पण शब्द त्याच्यापर्यंत पोचत नव्हते. कुठंतरी मधेच गळून जायचे.

मग विहीर झाली. मनात मी तेवढंच म्हणतो, विहीर झाली. पुढचं म्हणत नाही. गणपतीसाठी झेंडू धरला होता, दुपारी मोटार बंद करायला गेलो तर हा विहिरीच्या कठड्यावर बसलेला, पाय आत सोडून. चपला बाजूला काढलेल्या, जोडीनं, नीट. त्या चपला पाहून मी जागीच थांबलो, कारण या पोट्ट्यानं जन्मात कधी चपला नीट काढल्या नाहीत. हाक मारावी तर दचकेल. धावावं तर काय होईल. मी चालत गेलो, त्याच्याजवळ बसलो, माझेही पाय आत सोडले आणि बोलायला लागलो. काय काय बोललो! मोटार गाळ ओढून राहिली, यंदा झेंडूले भाव दिसत नाही, तुझ्या पुंजारामकाकानं पुन्हा बांध कोरला. तोंड आपलं चालू, आणि अंगाला सुटलेला घाम पाठीवरून खाली ओघळत होता. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "बाबा, तुमी कावून बसले इथं?" मी म्हटलं, "सावली आहे." सावली कुठली, बाप्पा, ऊन डोक्यात शिरत होतं. तो उठला, चपला घातल्या आणि घराकडे गेला. मी तिथंच बसून राहिलो, कारण मला उठताच येईना.

त्या दिवसापासून मी घरातल्या प्रत्येक वस्तूकडे वेगळ्या नजरेनं पाहायला शिकलो. हे शिक्षण कोणाच्या वैऱ्यालाही मिळू नये. दोर म्हणजे दोर राहत नाही. फवारणीची औषधं मी भावाच्या, पुंजारामच्या ढोरं बांधायच्या कोठ्यात नेऊन टाकली. मग विळे नेले, दोर नेले, हत्यारांची पेटी नेली. पुंजाराम म्हणाला, "सारं घरच इकडे आणून टाकतं का बे?" त्याला काय सांगणार? कोणालाच सांगितलं नाही. मैनालाही नाही. नितेशच्या खोलीची आतली कडी काढून टाकली आणि गंजली होती म्हणालो. ललितालाही मी विहिरीचं सांगितलं नव्हतं, आणि तिनं कडीचं विचारलं नाही. अमरावतीला मनाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या, त्याच्याशी एकट्याशी बोलल्या, मग मला आत बोलावून म्हणाल्या, "देवानंदजी, लक्ष ठेवा, पण पहारा करू नका." आता या दोहोंत फरक काय, ते कोणी सांगावं? लक्ष कुठं संपतं आणि पहारा कुठं सुरू होतो? मला विचारायचं होतं, पण बाहेर पुढचा माणूस बसला होता आणि माझ्या तोंडून "हो मॅडम" एवढंच निघालं.

अशा त्या पोरानं नवरात्राच्या तोंडावर एक दिवस स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून म्हटलं, "बाबा, मले एक कॉम्प्युटर पाह्यजे. पण आयता नोको. सुटे भाग आणू, मी घरीच जोडतो." एवढं मोठं वाक्य! ललिताची पोळी तव्यावर करपली तरी तिला भान नाही. मी लगेच हो म्हणालो. कशाला पाहिजे, काय करशील, एक अक्षर विचारलं नाही. त्यानं हत्ती मागितला असता तरी मी हो म्हटलं असतं. त्यानंतर तो मोबाइलवर ते जोडायचे व्हिडिओ पाहू लागला, गोपालला फोन करू लागला, आणि एकदा तर जेवताना आपणहून म्हणाला, "प्रोसेसर बसवताना जोर नाही लावाचा बाबा. फक्त ठेवाचा. तो आपल्या वजनानं बसते." मी घास हातात धरून ऐकत होतो. पोरगा बोलून राहिला! दुसऱ्या कोणत्याही बापानं आनंदानं उडी मारली असती. मीही मारली असती, पण माझं डोकं तोवर पार नासलं होतं. रात्रंदिवस माझ्या डोळ्यांपुढे एकच, की भाग म्हणजे वायरी. भाग म्हणजे स्क्रू पिळायचा पेचकस. भाग म्हणजे करंट, आणि हा दार लोटून आत एकटा. ज्या घरातून मी विळासुद्धा हलवला त्या घरात मी स्वतःच्या हातानं हे सगळं नेऊन ठेवू? अकोल्याला तो सोबत आला नाही. "गर्दी नाही होत माझ्यानं, तुमी जा. गोपालले सगळं सांगतलं आहे," म्हणाला. तेही मला बरंच वाटलं, हे कबूल करतो. एकटा असलो की मला ठरवता येईल, असं वाटलं.

"हे कॅबिनेट," गोपाल म्हणाला. त्यानं एक मोठा डबा पुढे सरकवला. एका बाजूला आरपार काच. "दादानं हेच सांगतलं. आतले लाइट दिसते ना याच्यातून." मी त्या काचेवर बोट फिरवलं. चांगली जाड, स्वच्छ काच होती. "काचेचं नोको," मी म्हटलं. "मामा, आजकाल सगळ्यायचं काचेचंच असते." "मले नोको. पत्र्याचं दे." त्यानं मागून एक काळं, पत्र्याचं, कोणी घेत नसेल असं कॅबिनेट काढून आणलं आणि त्यावरची धूळ फडक्यानं पुसली. मग पॉवर सप्लायचं खोकं हातात घेऊन म्हणाला, "अन् हे एक दादाले सांगजा. बाकी काय बी खोला-जोडा, पण हा डबा उघडाचा नाही. बंद केल्यावर बी याच्यात करंट राहते." सहज म्हणाला तो. हवापाण्याचं बोलावं तसं. बस्स, ठरलं, मी मनात म्हटलं, हे घरी जाणार नाही.

मी विचारलं, "कंपनीचा आयता येते ना? सीलबंद?" "येते ना." त्यानं कोपऱ्यातलं एक खोकं दाखवलं. "पण घेऊ नका मामा. वरून झगमग राहते, अंदर काय हलकं सामान टाकलं ते दिसत नाही. अन् सील तोडलं का वॉरंटी गेली." "म्हंजे कोणी उघडतच नाही तो?" "कायले उघडन कोणी?" झालं! मला हवं होतं ते हेच. जे कोणी उघडत नाही असं काहीतरी. मी उठून त्या खोक्याजवळ गेलो, त्याच्यावर हात ठेवून उभा राहिलो. गुळगुळीत पुठ्ठा, चारी बाजूंनी पट्टी. हे नेऊन टेबलावर ठेवायचं, वायर खोचायची, बटण दाबायचं, संपलं. पोराला कॉम्प्युटर मिळाला, बापाला झोप मिळाली. आणि मग मला नितेशचा जेवतानाचा चेहरा आठवला. आपल्या वजनानं बसते, म्हणताना त्यानं दोन बोटांनी हवेत काहीतरी अलगद ठेवून दाखवलं होतं. किती दिवसांनी त्याचे हात हलले होते. आयता नोको, हे त्यानं दारात उभं राहून म्हटलं होतं. मी तिथं, भाच्याच्या दुकानात, एका खोक्यावर हात ठेवून रडायच्या बेतात आलो होतो आणि गोपाल बिचारा विचारत होता, "मामा, चहा सांगू का?"

शेवटी माझ्यातला भित्रा माणूस मधला रस्ता काढतो तसा मी काढला. म्हटलं, "भाग नितेशनं सांगतले तेच घे. पण तू जोडून दे. सगळं पक्कं करून दे." "अन् दादा?" "आपल्यात सुटं देत नसतात," मी म्हटलं. आता यात खोटं काही नाही. आमच्यात ही पद्धतच आहे. नात्यात, देवाला, लग्नकार्यात सुटी फुलं न्यायची नाहीत, ओवूनच न्यायची. सुटी फुलं व्यापाऱ्याला, काट्यावर तोलून. नाहीतर मयतीला, वरून उधळायला. आमची आई, पार्बताबाई, हातापायानं थकली, दृष्टी गेली, तरी पाहुण्याच्या घरी जायचं म्हटलं की बोटांनी चाचपत हार ओवायची. आपल्या माणसाच्या हातात काम ठेवून द्यायचं नाही, करून द्यायचं, हे तिनं आम्हाला धपाटे घालून शिकवलं. मैनाच्या लग्नात तर व्याह्यांच्या बैलांसाठीसुद्धा हार होते. गोपाल हसला. "मामा, हे का फुलं आहेत?" "तुले सांगतलं ना एक बार," मी खेकसलो. रागावलं की माणूस खरा वाटतो, मला हे चांगलं ठाऊक आहे.

मग त्यानं जोडायला घेतलं. मी स्टूल जवळ ओढून पाहत बसलो. एकेक स्क्रू घट्ट झाला की माझ्या छातीवरचं एकेक ओझं उतरायचं. आता वायरीही आत जाणार, पट्ट्यांनी बांधल्या जाणार, झाकणामागे दिसेनाशा होणार. चांगलं झालं. पण पाहता पाहता माझं लक्ष गोपालच्या चेहऱ्याकडे गेलं. हा गोपाल, मी आलो तेव्हापासून फोनवर कोणाकोणाला शिव्या घालत होता, डोकं खाजवत होता, तो आता अगदी गप झाला होता. जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरलेली. प्रोसेसर चिमटीत उचलून त्यानं खाचेवर ठेवला आणि हात बाजूला घेतला, आणि तो खरंच आपल्या वजनानं बसला. गोपाल गालातल्या गालात हसला. दुकानाचा मालक, दिवसाकाठी असे किती जोडत असेल, तरी हसला. मला ते पाहवलं नाही. मी मान फिरवून जिन्याकडे पाहू लागलो. खाली कोणीतरी स्कूटर काढत होतं, ती निघेना, तो लाथा मारत होता. मी त्या स्कूटरकडेच पाहत राहिलो, गोपालनं "झालं मामा" म्हणेपर्यंत.

बसमध्ये कॅबिनेटचं आणि स्क्रीनचं, अशी दोन्ही खोकी मी पायांशी घेतली. एक खोकं कंडक्टरच्या मागच्या जागेत ठेवा असं लोक म्हणाले, मी ठेवलं नाही. शेजारच्यानं विचारलं, "टीव्ही घेतला का भाऊ?" मी म्हटलं, "हो." कोण सांगत बसतं. बोरगाव मंजू गेलं, रस्त्याच्या दोन्ही अंगांना कपाशी उभी होती, आणि ललिताचा फोन आला. "निघाले का तुमी?" "निघालो." "सामान भेटलं सारं?" "भेटलं." मग आवाज खाली करून म्हणाली, "अवो, त्यानं आज आंघोळ केली. मी म्हटलं नाही, काही नाही. स्वतःहून पाणी काढलं. दाढी बी केली." मी खिडकीची दांडी घट्ट धरली. "कावून?" "कावून म्हंजे? आंघोळ कावून करते माणूस?" तिला आनंद झाला होता, मला सांगत होती, आणि मी तिच्यावर ओरडलो, "तू त्याच्याजवळ बस. हालू नोको तिथून." लोक वळून पाहू लागले. फोन ठेवला. आता माझ्या मनाची काय दशा झाली होती ती कोणाला सांगू? पोरगा आंघोळ करत नव्हता तेव्हा जीव टांगणीला, आणि केली तर जास्त टांगणीला. कुठंतरी वाचलं होतं, की माणसाचं एकदा ठरलं की तो शांत होतो, नीटनेटका होतो. मग बरं होणं दिसतं कसं? बापानं ओळखायचं कशावरून? मूर्तिजापूरला बस थांबली, लोक चहाला उतरले, कंडक्टर गप्पा हाणत उभा राहिला. त्याची गचांडी धरून त्याला आत ओढावं असं मला वाटत होतं. देवा, मी म्हटलं, फक्त जोडलेलं आहे, घट्ट आहे, बंद आहे, एवढं तरी माझ्या हातून बरोबर झालं.

घरी पोचलो तेव्हा उन्हं कलायला लागली होती. ऑटोचा आवाज ऐकून नितेश फाटकापर्यंत आला. स्वतः. दाढी केलेला, धुतलेला शर्ट, हनुवटीवर ब्लेड लागल्याचा जरासा लाल ठिपका. इतका लहान दिसत होता. "द्या बाबा," म्हणाला आणि त्यानं मोठं खोकं माझ्या हातातून घेतलं. घेतलं आणि तो थांबला. त्याच्या हातांना वजनावरूनच कळलं असावं. भागांची बारकी बारकी खोकी असायला हवी होती, आणि हे एकच, जड. "जोडलेलं आहे?" "गोपालनं देल्लं जोडून. पक्कं केलं एकदम. म्हटलं, तुले कायले त्रास." त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मी देवापुढे नारळ फोडला असता. पण त्यानं रागानं पाहिलं नाही. तो हसला, पाहुण्याशी हसावं तसा, आणि म्हणाला, "बरं केलं बाबा. चांगलं केलं." चेहऱ्यावर जे आलं होतं ते परत आत गेलं. मी उघड्या डोळ्यांनी ते जाताना पाहिलं.

ललितानं दारातच खोक्याला हळदकुंकू लावलं, शेवंतीचा हार घातला. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. मी दुसरं खोकं घेऊन नितेशच्या मागे खोलीत गेलो आणि उंबऱ्यातच उभा राहिलो. ती खोली मी रोज पाहत होतो, झडती घ्यावी तशी, पण तो बाहेर असताना, घाईघाईनं, जे शोधायचं तेवढंच. आज त्यानं टेबल ओढून खिडकीखाली घेतलं होतं. त्यावर आईची जुनी, धुतलेली चादर, एक सुरकुती नाही. चादरीवर घरातल्या स्टीलच्या वाट्या, ओळीनं मांडलेल्या, रिकाम्या. पंचपाळ्यातल्या लहान वाट्यासुद्धा. आणि वाट्यांच्या शेजारी एक पेचकस. नवा, पिवळ्या दांड्याचा. नितेशनं खोकं खाली ठेवलं आणि त्या वाट्या एकात एक घालायला लागला. एकात एक, हळू, आवाज होऊ न देता. "या आईले देऊन येतो," म्हणाला.

मी त्याच्या आधी स्वयंपाकघरात गेलो. "तो पेचकस कोणी देल्ला त्याले?" ललिता पोळपाट धूत होती. "मी." "तू? तू देल्ला?" "सोमवारच्या बाजारातून आणला. त्यानं मांगितला." "तुले काही समजते का? तुले काही माहीत आहे का?" माझा आवाज फाटला. ती वळली. हात ओले, पाणी कोपरांवरून खाली गळत होतं. "मले सारं माहीत आहे," ती म्हणाली. "विहिरीचं बी माहीत आहे. त्यानंच सांगतलं मले. तुमी त्याच्याजवळ पाय सोडून बसले, ते बी सांगतलं. तुमी पडसान म्हणून तो उठला म्हणे." "महिना झाला तो पेचकस त्याच्या खोलीत आहे. तुमी रोज पाह्यता ना खोली? गादीखाली होता. झोपाच्या आधी काढून पाहे, पुसून ठेवे, बस्स. त्या पोरानं इतक्या दिवसांत एक गोष्ट मांगितली माझ्याजवळ. मी हात आखडू?" ती रडत नव्हती. मीच रडत होतो. "अन् तुमी," ती म्हणाली, "त्याच्या हातचं काम दुसऱ्याच्या हातानं करून आणलं."

मी परत खोलीत गेलो. नितेश खाटेवर बसला होता, खोकं न उघडता, वाट्या मांडीवर. मी त्या त्याच्या मांडीवरून उचलल्या आणि चादरीवर मांडायला लागलो. माझ्यानं ओळ सरळ येईना. "बाबा?" "खोल," मी म्हटलं. "काय?" "हा डबा. पूर्ण खोल. गोपालनं जोडलं ते सारं काढ अन् तू जोड." "अहो, चालू असंन तो. कावून खोलाचा?" "मले नाही पसंत पडलं त्याचं काम." "वॉरंटी जाईन." "जाऊ दे ना बे! तुले खोलाचं आहे का नाही?" मग त्यानं हात लांबवून पेचकस घेतला. माझ्या डोळ्यांसमोर तो पिवळा दांडा त्याच्या मुठीत गेला आणि मी काही केलं नाही. सगळं अंग ओरडत होतं, घे, काढून घे, आणि मी हात पाठीमागे बांधून उभा होतो. गोपालनं बजावलेलं करंटच्या डब्याचं सांगावं, तर तेच त्याच्या डोक्यात घातल्यासारखं होईल, म्हणून तेही गिळलं. तो म्हणाला, "तुमी इथंच बससान का?" बसायचं होतं. जन्मभर तिथंच त्या उंबऱ्यावर बसायचं होतं. "नाही," मी म्हटलं. "मले फुलं तोडाले जाचं आहे." "आता? दिवस कलल्यावर?" "हो." "बरं," तो म्हणाला. "दार लोटून घ्या. धूळ येते."

मी दार लोटून घेतलं. अंगणात आलो आणि पुढे पाऊल टाकवेना. घराला वळसा घालून त्याच्या खिडकीखाली, भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. ललिता ओल्या हातांनी तशीच मागून आली, माझ्याजवळ उभी राहिली. आत पुठ्ठा फाटल्याचा आवाज झाला. मग काहीतरी जड टेबलावर ठेवलं. मग काहीच नाही. शेजारच्या वावरात कोणीतरी ढोरांना हाकत होतं, लांब कुठंतरी रेल्वेची शिटी वाजली, आणि खिडकीतून काही म्हणता काही ऐकू येईना. ललितानं माझा दंड धरला. मग टण् झालं. स्टीलच्या वाटीत स्क्रू पडला. मी श्वास सोडला. थोड्या वेळानं दुसरा पडला. ललितानं डोळे मिटले, तिचे ओठ हलत होते. मग तिसरा. त्यानंतर आवाज थांबला. मी भिंतीला कान लावला. आत सगळं शांत होतं. तीन झाले होते. एवढ्या डब्याला एकूण किती स्क्रू असतात, हे मी गोपालला विचारलंच नव्हतं.